काचेमागचं बोलणं

हिलटाउन, डंडी
३ सप्टेंबर १९११

वॅटी,

तुझं पत्र मंगळवारी आलं. तीनदा वाचलं आणि शेवटी सासूबाईंपुढे धरलं. म्हटलं, "हे तुमच्याच मुलाचं अक्षर ना?" त्या चष्मा लावून म्हणाल्या, "अक्षर त्याचंच आहे. अक्कल कुणाची ते मला विचारू नकोस."

"माझ्या प्रिय पत्नीस"! अरे, लग्नाच्या दिवशी चर्चच्या दारात तू मला "चल गं, पाऊस येतोय" म्हणाला होतास. त्याच्यापुढे तुझी कधी मजल गेली नाही, आणि माझी तक्रारही नव्हती. आता कलकत्त्याजवळ टिटागडला जाऊन चार वर्षं झाल्यावर तुला प्रिय पत्नी कुठून सुचली?

चार वर्षं तुझ्या पत्रांत काय असायचं? उकाडा, डास, आंबे, पुन्हा उकाडा. आणि आता एकदम बंगला, नोकर, आपल्या नेट्टासाठी झोपाळा, आणि "बोटीचं भाडं गिरणी देईल, फक्त नवीन वर्षाच्या आत नीघ." गिरणी भाडं देईल! वॅटी, आपण दोघंही अंगात पुरता जोर यायच्या आत गिरणीत शिरलो. खोकल्याशिवाय गिरणीने आपल्याला फुकट काय दिलंय? कुठेतरी पाणी मुरतंय, एवढं मला इथे बसून कळतं.

मी तुला सरळ विचारते, तू सरळ सांग. तुझ्या घरात बाई आहे का? खालच्या मजल्यावरची टीनी म्हणते, तिकडे गेलेल्या प्रत्येक जॉबरच्या घरात एक असतेच, आणि बायको यायची झाली की तिला मागच्या दाराने काढतात. टीनी काय, टे नदीवर धुकं आलं तरी त्यात पुरुषांची लबाडी बघते. पण ती बोलली आणि माझ्या डोक्यात तो किडा बसला तो बसलाच.

आणि माझ्या मागांचं काय? तुला आठवत नसेल तर आठवण करून देते. कॅरिक गिरणीच्या साळखात्यात, विणकामाच्या खात्यात, ऑफिसला लागून जे दोन माग आहेत ते माझे आहेत. ते मिळवायला मी किती वर्षं कताई खात्यात डोक्यावर शाल घेऊन, अनवाणी पायांनी काढली ते तू पाहिलंयस. आज मी टोपी घालून, हातमोजे घालून कामावर जाते. विणकरीण एकदा मागावरून उठली की तिच्या जागी दुसरी उभी राहते, आणि मग जन्मभर हात जोडले तरी तो माग परत मिळत नाही. हे तुला ठाऊक आहे. तरी तू लिहितोस, "माग सोडून दे आणि ये," जसं काही मला भांडं चुलीवरून उतरवायचंय.

इथे आधीच ठिणगी पडलीय. व्हिटकोम साहेब म्हणून नवे मॅनेजर लंडनहून आलेत. आल्या आल्या आम्हाला आवारात उभं करून म्हणाले, "कलकत्त्याचं गोणपाट आपल्यापेक्षा स्वस्त पडतं. गिरणी जगवायची तर प्रत्येकीने दोनाऐवजी तीन माग चालवायला हवेत."  मला राहवलं नाही. मी विचारलं, "साहेब, कलकत्त्याची ती गिरणी कुणाची?" ते म्हणाले, "त्याचा इथे काय संबंध?" मी म्हटलं, "माझा नवरा तिथे माग दुरुस्त करतो. फाटकावर आपल्याच मालकांचं नाव आहे म्हणतो. म्हणजे मालक आपल्याच दुसऱ्या खिशाशी स्पर्धा करतात, आणि हरतो मात्र आम्ही, होय ना?" सगळं आवार हसलं. साहेबांचा चेहरा बीटसारखा झाला. तेव्हापासून बाया काही झालं की माझ्याकडे येतात. मी मागितलं नव्हतं हे पुढारीपण, गळ्यात पडलंय.

तेव्हा माझ्या प्रश्नाचं उत्तर आधी दे. भाड्याचं मग बघू.

एफी

---

हिलटाउन, डंडी
२२ ऑक्टोबर १९११

वॅटी,

उत्तर मिळालं. बाई नाही, शपथेवर नाही, आणि स्वयंपाकी म्हणजे पांढऱ्या दाढीचा म्हातारा. बरं. फोटोही पाठवलास. सासूबाई, मी आणि टीनी तिघींनी तो खिडकीशी नेऊन नीट तपासला. व्हरांडा छान आहे. पण टेबलावरच्या कापडाला इस्त्रीची घडी आहे, वॅटी. तुला आयुष्यात मोज्याची जोडी जुळवता आली नाही. टीनी म्हणाली, "दाढीवाला म्हातारा इस्त्री करतो का?" सासूबाई तिच्यावर खेकसल्या, "तिकडे इस्त्रीला वेगळा माणूस असतो, तुझ्यासारखं नसतं, घालून झोपलं की झाली इस्त्री."

मी विश्वास ठेवायचं ठरवलंय. ठेवला नाहीये अजून, ठरवलंय.

तुझा तिथला गिरणीतला मित्र स्टरॉक रजेवर आला तो गुरुवारी घरी येऊन गेला. चहाची पेटी आणि नेट्टासाठी लाकडी हत्ती दिला. काळवंडलाय, बारीक झालाय, आणि खुर्चीच्या कडेवर असा बसला की जसा दात काढायला आलाय. त्याला बटाटे आणि हेरिंग मासा वाढला. सासूबाईंनी आपली सरबत्ती सुरू केली.

"माझा वॅटी जेवतो का नीट?"

"जेवतो, काकू."

"चर्चला जातो का?"

"जातो, काकू. कधी कधी."

"कधी कधी म्हणजे नाही."

मी म्हटलं, "स्टरॉक, मला सांग, हे भाड्याचं काय आहे? गिरणीला माझा एवढा पुळका का?"

तो ताटाकडे बघत म्हणाला, "संसारी माणूस टिकून राहतो असं तिथल्या साहेबांना वाटतं. वॅटीला असिस्टंट मॅनेजर करणार आहेत. फार मोठी गोष्ट आहे, एफी. आपल्यातला कुणी तिथवर पोचत नाही."

"आणि मी नाही गेले तर?"

"तर..." त्याने सासूबाईंकडे पाहिलं. मग भलतंच बोलायला लागला. म्हणे, "तिथल्या विणकरांना साहेब काय सांगतात माहीत आहे? डंडीच्या बाया तुमच्या दुप्पट विणतात, लाज बाळगा."

मी म्हटलं, "आणि आम्हाला सांगतात कलकत्तेवाले निम्म्यात विणतात. वा! दोघांना एकमेकांची भीती घालायची आणि मधल्या मधे लोणी खायचं."

तो हसला नाही. उठताना टोपी हातात फिरवत म्हणाला, "तुझे माग कुठले गं? खिडकीकडचे की ऑफिसकडचे?"

"ऑफिसला लागून. का?"

"सहज. मला व्हिटकोम साहेबांना भेटायला यायचंय कधीतरी."

सहज! या माणसाने चार वर्षांत सहज काही केलं असेल असं त्याच्या तोंडाकडे बघून वाटत नाही. माझ्याशी नजर मिळवत नव्हता. तो काहीतरी लपवतोय, आणि जे लपवतोय ते तुझं आहे.

पण खरं सांगू? तो गेल्यावर नेट्टा हत्ती उशाशी घेऊन झोपली आणि झोपायच्या आधी विचारलं, "बाबा कसे बोलतात?" मला सांगता येईना. तुझा आवाज मलाच धड आठवेना. मी रडले, वॅटी. तुला सांगायचं नव्हतं, पण लिहिलं गेलं.

सोमवारी मी व्हिटकोम साहेबांना सांगितलं की वर्षअखेरीस माग सोडते. त्यांनी चक्क उठून हात मिळवला. मॅनेजरने विणकरणीशी हात मिळवलेला कॅरिक गिरणीत कुणी पाहिलेला नाही. मला आनंद व्हायला हवा होता. घरी येऊन मी तो हात दोनदा धुतला.

नेट्टासाठी सुती झगे शिवायला टाकलेत. काय रंगाचे हवेत ते कळव.

एफी

---

हिलटाउन, डंडी
१६ नोव्हेंबर १९११

वॉल्टर गेलेटली,

झगे रद्द केलेत. आता नीट वाच.

मंगळवारी स्टरॉक गिरणीत आला. तू साळखातं विसरला नसशील. शेकडो माग एकदम चालतात, शेजारणीच्या कानात ओरडलं तरी ऐकू येत नाही, म्हणून आम्ही कानांनी ऐकत नाहीच. ओठ बघतो, हातांनी बोलतो. डंडीत जन्मलेल्या कुठल्याही पोरासोराला हे ठाऊक आहे. आणि मॅनेजरचं ऑफिस म्हणजे आमच्या खात्याच्या टोकाला काचेची पेटी. व्हिटकोम साहेबांना लंडनहून येऊन काही महिनेच झालेत, त्यांना वाटतं दार लावलं की आपण सुरक्षित. पण तुझा स्टरॉक! त्याची आई विणकरीण होती! मेला कलकत्त्यात चार वर्षं मजुरांवर खेकसून आपल्या आईची भाषा विसरला.

साहेबांची पाठ होती माझ्याकडे. स्टरॉकचं तोंड समोर. आणि तोच बोलत होता सगळं, मोठ्ठं तोंड उघडून, जिन्नस विकायला बसल्यासारखं. मी धोटा बदलता बदलता वाचलं.

"म्हणजे गेलेटलीची बायको एकदा बोटीत बसली की इथल्या बाया थंड पडतील."

साहेबांनी मान हलवली.

"आणि ती गेली की मग तीन माग."

मान हलवली.

"आणि ती आली तरच वॅटीला बढती. नाही आली तर नाही."

तिसऱ्यांदा मान हलवली, आणि स्टरॉकच्या पाठीवर थाप मारली.

माझा ताणा तुटला. खरोखरचा, मागावरचा. गाठ मारायचं राहूनच गेलं. समोरच्या रांगेतून टीनीने हातांनीच विचारलं, काय झालं? मी सांगितलं. तिने पुढे सांगितलं. न्याहारीचा भोंगा व्हायच्या आत सगळ्या खात्याला कळलं होतं की वॅटी गेलेटलीने बढतीसाठी आपली बायको विकली.

होय, विकलीस! असिस्टंट मॅनेजर होण्यासाठी! मी बाई शोधत बसले, फोटोतली इस्त्री मोजत बसले, आणि तू तर त्याहून घाण निघालास. बाई असती तर मी तुला एक वेळ माफ केलं असतं. "माझ्या प्रिय पत्नीस" कुणी सांगितलं लिहायला? ऑफिसातल्या कारकुनाने? पत्रं गिरणीच्याच थैलीतून येतात ना तुझी? वाचू दे त्यांना हेही, मी मुद्दाम मोठ्या अक्षरात लिहितेय.

दुपारी मी ऑफिसात गेले आणि म्हटलं, "माग सोडत नाही. शब्द परत घेते." साहेब म्हणाले, "ते माग दुसरीला दिले गेलेत." मी म्हटलं, "कुणाला? तिला माझ्यासमोर उभी करा." साहेबांनी कागदांत डोकं घातलं. मी बाहेर येऊन खुंटीवरची टोपी काढली आणि डोक्यावर ठेवली. भर दुपारी, माग चालू असताना. टीनीने माझ्याकडे पाहिलं आणि तिनेही टोपी घातली. मग तिच्या मागची, मग तिच्या मागची.  सगळ्या खात्यात नुसत्या टोप्या. मग माग एकेक करून थांबले, आणि आम्ही फाटकातून बाहेर पडलो. व्हिटकोम साहेब काचेमागे काहीतरी ओरडत होते. ते वाचायची कुणाला गरज वाटली नाही.

तेव्हा संप चालू आहे. घरात सूप आहे, पाव आहे, बरं चाललंय. तुझ्या बढतीचं वाईट वाटतं.

तुला मी चांगली ओळखते. इथे होतास तेव्हा माझ्या मजुरीवर घर चालायचं आणि तू घरी बसून चहाची किटली ठेवायचास, आणि गल्लीतली पोरं "किटलीवाला" म्हणून ओरडायची. त्याची लाज वाटून पळालास तू हिंदुस्थानात, आणि आता माझी टोपी उतरवून तुझी लाज झाकायची आहे तुला. तर ऐक. येऊ नकोस. मीही येत नाही. इथे तुझी किटली ठेवायलाही जागा नाही.

यूफेमिया गेलेटली

---

हिलटाउन, डंडी
२ डिसेंबर १९११

वॅटी,

हे पत्र आधीच्या पत्राच्या मागे धावतंय आणि गाठणार नाही, हे मला माहीत आहे. ऑफिसच्या हाती लागू नये म्हणून गिरणीच्या नाही, तुझ्या तिथल्या चर्चच्या पत्त्यावर टाकतेय. आधीचं पत्र अजून बोटीवर असेल. ते समुद्रात पडावं अशी मी प्रार्थना केली, मग त्याच बोटीवर माणसंही आहेत म्हणून मागे घेतली.

काल संप मिटला. तीन मागांचा हुकूम परत घेतला, माझे माग मला परत मिळाले. मी आज सकाळी टोपी घालून गेले, बायांनी मागांवर धोटे आपटून असा गजर केला की काचा हादरल्या. संध्याकाळी घरी आले तर जिन्यात स्टरॉक उभा.

मी अशी शिव्यांची लाखोली वाहिली की वरच्या मजल्यावरची दारं उघडली. तो सगळं ऐकत राहिला. मी दम घ्यायला थांबले तसा त्याने तोंड उघडलं, आवाज न काढता. नुसते ओठ.

"मी काचेकडे तोंड करून उभा होतो, एफी."



मग डोक्यात एकेक जुळायला लागलं. साहेबांची पाठ माझ्याकडे होती. एका माणसाशी बंद खोलीत बोलताना एवढं तोंड उघडून कोण बोलतं? आणि तो सगळं "म्हणजे" म्हणून का विचारत होता? साहेबांचं बोलणं तो माझ्यासाठी परत म्हणून दाखवत होता. आणि मी कुठल्या मागावर असते हे त्याने आधी विचारून घेतलं होतं.

मी त्याला म्हटलं, "मग घरी आलास तेव्हा सांगायला तुझ्या तोंडात काय कोंबलं होतं?"

आता तो बोलला. "तुझ्या सासूबाईंसमोर सांगितलं की संध्याकाळपर्यंत हिलटाउनला कळतं, आणि रात्री व्हिटकोमला. आणि मला परत तिथेच जायचंय. साहेबांनी विचारलं, 'तू तिला काही सांगितलंस का?' तर बायबलवर हात ठेवून 'नाही' म्हणता आलं पाहिजे. मी तुला काही सांगितलेलं नाही. मी साहेबांशी बोलत होतो, तू बघत होतीस."

चर्चच्या पुढच्या बाकावर बसणारी माणसं अशीच असतात, देवालाही पळवाट ठेवतात.

मी म्हटलं, "आणि हे खरं कशावरून? उद्या तू म्हणशील पत्रंसुद्धा वॅटीने लिहिली नाहीत."

"लिहिली त्यानेच. टेबलाच्या पलीकडे बडा साहेब बसला होता. 'प्रिय पत्नीस' साहेबाने घालायला लावलं. वॅटी मला म्हणाला, 'हे वाचलं की एफीला संशय येईल, देवाची कृपा. तेवढ्यावर सोडू नकोस, तू जाऊन तिला काचेतून सांग. येऊ नकोस म्हणावं. माग सोडू नकोस म्हणावं. वसंतात माझा करार संपतो, मी सही करणार नाही, मीच येतो.'"

"येऊन काय करणार तो? इथे पुरुषाला काम कुठे आहे?"

स्टरॉक माझ्याकडे बघत म्हणाला, "तेच मी विचारलं. तर हसला. म्हणाला, 'किटली ठेवीन. पोरं ओरडली तर ओरडू देत.'"

वॅटी, मी त्या पायरीवर बसले ती उठेचना. स्टरॉकला वाटलं मी आजारी पडले. मी त्याला सांगितलं नाही, तुला पत्रात काय लिहिलंय ते. कसं सांगू?

मला अजून संशय आहे, हेही लिहिते. स्टरॉक चांगला बोलतो, आणि चांगलं बोलणाऱ्यावर मी विश्वास ठेवत नाही. पण किटलीची गोष्ट त्याला रचता आली नसती. ती तुझीच आहे.

आधीचं पत्र जाळून टाक. वाचलं असशील तर वाचलेलं विसर. ये, वसंतात ये.

तुझी एफी

---

हिलटाउन, डंडी
११ फेब्रुवारी १९१२

वॅटी,

तुझं उत्तर वर्षाच्या शेवटच्या दिवशी आलं. घरात केक होता, नव्या वर्षाचं पहिलं पाऊल काळ्या केसांच्या माणसाचं पडलं की शुभ, म्हणून टीनी तसा माणूस शोधत गल्लीभर फिरत होती, आणि दारात पोस्टमन. माझ्या नोव्हेंबरच्या पत्राचं उत्तर. तू ते लिहिलंस तेव्हा डिसेंबरचं पत्र पोचलंच नव्हतं.

चार ओळी. "तू म्हणतेस तसं. येत नाही. सातव्या डिसेंबरला तुझं पत्र मिळालं, आठव्याला मी नव्या पाच वर्षांवर सही केली. नेट्टाला पैसे येत राहतील." आणि खाली, "हे ऑफिसने वाचलं तरी चालेल." एक शिवी नाही. शिवी दिली असतीस तर मी सुटले असते.

सासूबाईंनी वाचून घेतलं आणि केक उचलून कपाटात ठेवला. तेव्हापासून मला "सूनबाई" म्हणतात. आधी एफी म्हणायच्या.

तुझं दुसरं उत्तर जानेवारीत आलं. "आता सही झाली. सही मोडली तर तिथून परतीचं भाडंही मिळत नाही आणि दुसरी कुठली गिरणी उभं करत नाही. नवीन शेड बांधलीय, नवे माग येताहेत, ते बसवायचं काम माझ्यावर आहे. रागावलो नाही. थकलोय." मी ते "थकलोय" पुन्हा पुन्हा वाचलं. "रागावलो नाही" हे खोटं आहे, एवढं मला तुझ्या अक्षरावरून कळतं. "थकलोय" हे खरं आहे.

ते नवे माग नवे नाहीत, वॅटी.

व्हिटकोम साहेबांनी आम्हाला तीन माग चालवायला लावता आले नाहीत. मग जानेवारीत त्यांनी पुन्हा आवारात उभं केलं आणि सांगितलं, साळखातं बंद. महिन्याच्या आत पेंढा आणि लाकडी खोकी आली. माग सुटे करून खोक्यात घातले, वर काळ्या रंगाने टिटागड लिहिलं. माझे दोन्ही माझ्या डोळ्यांदेखत गेले. डावीकडच्याच्या पट्ट्याला मी गेल्या वर्षी तार बांधलीय, बसवताना हात जपून घाल, बोट कापेल. टिटागडच्या विणकरांना कुणीतरी सांगेल की हे माग डंडीच्या बायांनी नीट चालवले नाहीत म्हणून इकडे आणले. सांग त्यांना, खोटं आहे.

आपण जिंकलो होतो ना, असं टीनी विचारत राहते. मी काय सांगू? आम्ही आमच्या गिरणीशी भांडलो, आणि मालकांनी गिरणीच बदलली. टीनीने स्वतःला आणि मला कताई खात्यात जागा मिळवली. टोपी नाही, शाल. मी घेतली नाही. टीनी रागावली, म्हणाली, "नाक आडवं येतंय होय? मग काय टोपी उकडून खाणार आहेस?"

मी टोप्या विकल्या. दोन्ही. भिंतीवरचं घड्याळही विकलं. इथल्या एका इंजिनियरची बायको दोन तान्ह्या पोरांना घेऊन कलकत्त्याला निघालीय, तिला बोटीवर पोरं सांभाळायला बाई हवी होती, ती मी. तिला मी विचारलं, तुमचा नवरा कुठल्या गिरणीत? ती म्हणाली, गिरणीत नाही, रेल्वेत. तरी मी तिच्या ट्रंकेवरचं रेल्वेचं नाव वाचून खात्री करून घेतली. माझं भाडं ती देतेय, नेट्टाचं टोप्यांतून आणि घड्याळातून निघालं. सासूबाई आर्ब्रोथला तुझ्या बहिणीकडे जाताहेत. काल रात्री कपाटातला केक काढून माझ्यापुढे ठेवला. शिळा होता, आम्ही दोघींनी मिळून खाल्ला.

तुझ्या बंगल्यात कसं राहायचं, साहेबांच्या बायकांशी काय बोलायचं, मला काही माहीत नाही. मी आल्याने तुला बढती मिळणार नाही, आता त्यांना माझी गरज उरलेली नाही. तू दारातूनच परत पाठवलंस तर रेल्वेवालीकडे पोरं सांभाळीन. पण माझ्या तोंडावर नको म्हणावं लागेल तुला, पत्रातून नाही. आपलं जे काही वाटोळं झालं ते पत्रांनी झालं, आणि त्यातलं सगळ्यात वाईट माझं होतं.

नेट्टा विचारते, बाबांनी बोलावलं का? मी तिला खरं सांगितलं. गिरणीने बोलावलं तेव्हा मी कशाकशाचा संशय घेतला, ते तुला माहीतच आहे. या वेळी साहेबांनी बोलावलं नाही, तू बोलावलं नाहीस, कुणीच बोलावलं नाही. म्हणून येतेय.

एफी